नसेच्या आजारावर डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, तर अपील कसं करायचं?

माजी सैनिकांच्या फेटाळलेल्या अपिलांमध्ये एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. नकारपत्रात लिहिलेलं असतं की आजाराचा सेवेशी संबंध नाही, आणि अपिलात चार पानं भरून लिहिलेलं असतं की पाय किती दुखतो. किंवा नकार टक्केवारीवर असतो आणि अपील सियाचीनच्या पोस्टिंगवर. विचारलेलं एक, उत्तर दुसरंच.

नसेच्या आजारात ही चूक जास्त महागात पडते. हाड मोडलं तर ते एक्स-रेमध्ये दिसतं. मज्जातंतूची इजा बाहेरून दिसत नाही, ती मोजून आणि तारखेसह दाखवावी लागते. कंबरेच्या चकतीने दबलेली नस, पाऊल लटकं पडणं, कोपराजवळची इजा, बर्फातल्या ड्युटीनंतर राहिलेला बधिरपणा, मधुमेहाने गेलेल्या नसा, अशा सगळ्यांसाठी खालचा क्रम आहे. कार्यालयांची नावं लष्कराची दिली आहेत. नौदल आणि हवाई दलाची कार्यालयं वेगळी आहेत, पण कामाचा क्रम साधारण हाच.

१. नकार नेमका कशावर आहे ते ओळखा

सेवा सोडताना तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाची कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, समोर घ्या. शेवटच्या भागात बोर्डाचं मत असतं. त्यात दोन नोंदी शोधा. पहिली, एकूण टक्केवारी. दुसरी, पेन्शनसाठी पात्र ठरलेली टक्केवारी. पहिल्या ठिकाणी '३०%, आजीवन' आणि दुसऱ्या ठिकाणी 'निल' असेल, तर बोर्डाने तुमची इजा मान्य केली आहे, सेवेशी संबंध मान्य केलेला नाही. मग वेदनेची वर्णनं लिहून काही साधत नाही.

नकार साधारणपणे तीन प्रकारांत बसतो.

अ) संबंध नाकारला: आजार सेवेमुळे झाला नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही. फौजी कागदांत याला एनएएनए म्हणतात.

आ) टक्केवारी २० पेक्षा कमी: संबंध मान्य, पण '११ ते १४%' किंवा '१५ ते १९%'. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना २० च्या खाली डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला विकलांगतेचा वेगळा भाग, मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये एस. पी. राठोड प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

इ) इतर कारणं: इजा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाली, ऑपरेशनला नकार दिला, स्वतःहून लवकर निवृत्ती घेतली, इत्यादी. शेवटचं कारण दिसलं म्हणून लगेच हार मानू नका. विकलांगता असूनही सेवेत ठेवलेल्या आणि १ जानेवारी २००६ नंतर स्वतःहून निवृत्त झालेल्यांसाठी २००९ च्या सरकारी पत्राने दार उघडलं आहे.

त्यानंतर तुम्हाला कोणते नियम लागू होतात ते पाहा. ते सेवेतून बाहेर पडण्याच्या तारखेवरून ठरतं. २००८ च्या आधी बाहेर पडलेल्यांना १९८२ चे एंटायटलमेंट रूल्स (हक्क ठरवणारे नियम) लागू. १ जानेवारी २००८ पासून २००८ चे. २१ सप्टेंबर २०२३ पासून २०२३ चे, ज्यात सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या लाभाला 'इम्पेअरमेंट रिलीफ' हे नाव आहे. मित्राच्या २००५ च्या केसचा मजकूर उतरवून स्वतःच्या २०२४ च्या केसला लावू नका.

तपासा: नकार अ, आ की इ, आणि नियम कोणत्या वर्षाचे, हे एका ओळीत लिहिता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

२. कागद गोळा करा, पण मुदत सांभाळून

पहिल्या अपिलाची मुदत नकारपत्र मिळाल्यापासून सहा महिने आहे. कागद मागवले म्हणून ही मुदत थांबत नाही. पाकीट जपून ठेवा, त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून पत्र कधी मिळालं ते सिद्ध होतं.

लागणारे कागद असे:

• संपूर्ण एएफएमएसएफ-१६, फक्त शेवटचं पान नव्हे
• भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद
• मधल्या काळात मेडिकल कॅटेगरी ठरवणाऱ्या सर्व बोर्डांच्या कार्यवाह्या, म्हणजे एएफएमएसएफ-१५
• सैनिकी रुग्णालयांच्या डिस्चार्ज स्लिपा, तज्ज्ञांची मतं, एमआरआय आणि नसांच्या तपासण्यांचे अहवाल
• दुखापत असेल तर इंजरी रिपोर्ट (आयएएफवाय-२००६) आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रत
• फील्ड (मोहिमेचा किंवा सीमेवरचा भाग) की पीस (शांत छावणी) हे दाखवणारा पोस्टिंगचा तक्ता
• नकारपत्र, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश)

जे हाताशी नाही ते रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कायद्याखाली पहिलं अपील. अर्जात 'माझी सगळी मेडिकल कागदपत्रं द्या' असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं. कागदाचं नाव, साधारण वर्ष आणि रुग्णालय लिहा: 'सन २०१४ ते २०१६ या काळातील माझ्या सर्व एएफएमएसएफ-१५ च्या, तज्ज्ञांच्या मतासह, साक्षांकित प्रती.'

सावधान: २००८ च्या नियमांत हक्क सिद्ध करण्याचा भार सहसा दावेदारावर नाही. पण सेवा सोडल्यानंतर १५ वर्षं उलटून गेल्यावर दावा केला आणि मुदत संपल्याने कागद नष्ट झाले असतील, तर तो भार तुमच्यावर येतो. तेरावं-चौदावं वर्ष चालू असेल तर आधी छोटं अपील दाखल करा. 'माहिती अधिकारात मागवलेले कागद मिळताच पूरक निवेदन देईन' अशी ओळ त्यात घाला.

३. एका पानाचा कालपट बनवा

वकिलाआधी, डॉक्टरआधी हे काम करा. चार रकाने: तारीख, ठिकाण आणि प्रकार, काय घडलं, पुरावा म्हणून कोणता कागद. उदाहरणार्थ:

• जून २००३, भरती, पूर्ण फिट, भरतीचा मेडिकल फॉर्म
• ऑक्टो. २०११ ते सप्टें. २०१३, अतिउंच भाग, फील्ड, रोज पाठीवर वजन घेऊन चढ, पोस्टिंग तक्ता
• फेब्रु. २०१३, तेच ठिकाण, कंबरेतून डाव्या पायात कळ, तीन दिवस लाइट ड्युटी, सिक रिपोर्टची नोंद
• जाने. २०१४, पीस स्टेशन, एमआरआय आणि निदान, डिस्चार्ज स्लिप
• मार्च २०१४, लो मेडिकल कॅटेगरी, एएफएमएसएफ-१५

या उदाहरणातली तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. बोर्डाच्या कारणात 'आजार पीस स्टेशनमध्ये सुरू झाला' असं येतं, कारण एमआरआय तिथे झालेला असतो. एमआरआयच्या तारखेला निदान झालं, आजार त्याआधीच सुरू झालेला होता. नस सहसा एका दिवसात दबत नाही. त्यामुळे पहिली तक्रार कुठे, कोणत्या ड्युटीवर आणि कोणत्या कागदावर नोंदली गेली, हे खणून काढा. सिक रिपोर्ट, लाइट ड्युटीची चिठ्ठी, फील्ड ॲम्ब्युलन्सचा कागद, पाठीच्या पट्ट्याची मागणी, काहीही चालेल.

थांबा: फॉर्मच्या सुरुवातीला तुमच्याच सहीचं निवेदन असतं: कुठे कुठे सेवा केली, त्रास कधी सुरू झाला, सेवेतल्या कोणत्या गोष्टीमुळे वाढला. निवृत्तीच्या घाईत तिथे 'निल' लिहून सही करणारे पुष्कळ. तुम्ही काय लिहिलंय ते आधी वाचा. कालपट त्याच्याशी जुळत नसेल तर अपिलात फरकाचं कारण स्वतःहून सांगा, समोरच्याने पकडायच्या आधी.

४. नस कोणती, किती गेली: पुरावा शरीरातून काढा

आधी शब्दांची एक अडचण. मराठीत 'नस' म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही. 'पायाच्या नसेचा त्रास' या तक्रारीची नोंद शिरा फुगण्याच्या रकान्यात गेली, की पुढची दहा वर्षं ती तशीच चालत राहते. डॉक्टरला सांगताना मुंग्या, बधिरपणा, ताकद कमी, पाऊल अडखळणं, असे शब्द वापरा.

पुरावा तीन थरांचा असतो आणि तिन्ही थर एकाच नसेकडे बोट दाखवणारे हवेत.

पहिला थर, प्रत्यक्ष तपासणी. न्यूरॉलॉजिस्टच्या कागदावर पुढच्या गोष्टी आकड्यांत यायला हव्यात.

• ताकद: ० ते ५ या एमआरसी श्रेणीत, दोन्ही बाजूंची. 'पायात अशक्तपणा' नको. 'डाव्या पायाचा अंगठा वर उचलणे ३/५, उजवा ५/५' हवं.
• रिफ्लेक्स: गुडघा आणि घोटा, दोन्हीकडे.
• संवेदना: नेमका कोणता पट्टा बधिर आहे ते.
• घेर: नडगीच्या हाडाचा गुडघ्याखालचा उंचवटा धरून त्याखाली १० सेंमीवर दोन्ही पोटऱ्यांचं माप. एक ३५ सेंमी आणि दुसरी ३२.५ असेल, तर स्नायू आटल्याचं हे चिन्ह ठरवून आणता येत नाही.
• चाल: टाचांवर आणि चवड्यांवर चालता येतं का.

कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती मागून बाजूला सरकली तर सहसा एल-५ ची मुळी (मणक्यातून निघणारं नसेचं मूळ) दबते: अंगठा उचलत नाही, टाचांवर चालता येत नाही, पावलाचा वरचा भाग बधिर. त्याखालच्या चकतीने एस-१ दबते: चवड्यावर उभं राहवत नाही, घोट्याचा रिफ्लेक्स जातो, पावलाची बाहेरची कड बधिर. हातात करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू अल्नर नसेची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट मीडियनची. मनगट लोंबकळत असेल तर रेडियल.

लटक्या पावलाच्या बाबतीत एक तपासणी आवर्जून करून घ्या. पाऊल आतल्या बाजूला वळवण्याची ताकद शाबूत आहे का? एल-५ ची मुळी दबली असेल तर तीही कमी होते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युला या नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेजवळ पेरोनियल नसेला मार बसला असेल तर ती सहसा टिकते. हा फरक अपिलासाठी महत्त्वाचा आहे. चकतीचा आजार 'रोग' म्हणून तोलला जातो, गुडघ्याला बसलेला मार 'इजा' म्हणून, आणि दोन्हींचा सेवेशी संबंध वेगळ्या वाटेने ठरतो.

दुसरा थर, एनसीव्ही (नसेतून संदेश जाण्याचा वेग) आणि ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी). इथल्या चुका अशा:

• घाई. ताज्या इजेनंतर ईएमजीत बिघाड दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. चौथ्या दिवशीची नॉर्मल ईएमजी काहीच सिद्ध करत नाही, पण फाइलमध्ये कायमची राहते.
• गार हातपाय. त्वचा थंड असली की नसेचा वेग खोटा कमी दिसतो. तपासणीत हाताची त्वचा साधारण ३२ अंश आणि पायाची ३० अंशांच्या वर ठेवतात. तापमानाची नोंद नसलेला अहवाल बोर्डाचा न्यूरॉलॉजिस्ट सहज बाजूला ठेवतो.
• एकाच बाजूची तपासणी. दुखऱ्या बाजूच्या शेजारी चांगल्या बाजूचे आकडे नसतील तर तुलना कशाशी करायची?
• फक्त निष्कर्षाची ओळ. वेग, लेटन्सी (संदेश पोचायला लागलेला वेळ) आणि अँप्लिट्यूड (संदेशाची उंची) यांचा पूर्ण तक्ता मागून घ्या.
• नॉर्मल अहवालाला घाबरणं. मुळी मणक्याजवळ दबली असेल तर संवेदनेची एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते, कारण त्या नसेच्या पेशी दाबाच्या जागेपलीकडे शाबूत असतात. अशा वेळी कंबरेच्या आणि पायाच्या स्नायूंची ईएमजी आणि एस-१ साठी एच-रिफ्लेक्स ही तपासणी उपयोगी पडते. अगदी बारीक तंतूंचा आजारही एनसीव्हीत दिसत नाही. हे दोन्ही मुद्दे न्यूरॉलॉजिस्टकडून एका वाक्यात लिहून घ्या.

तिसरा थर, एमआरआय. बाजू आणि पातळी जुळवून पाहा. तक्रार डाव्या पायाची आणि चकती उजवीकडे सरकलेली, अशी फाइल कितीही जाड असली तरी टिकत नाही. कधी कधी अहवाल टाइप करतानाच बाजू चुकलेली असते. फिल्म दाखवून दुरुस्त अहवाल घ्या.

मधुमेहाच्या न्यूरोपथीत, म्हणजे नसांच्या आजारात, वेगळी काळजी घ्यावी लागते. बी-१२ ची पातळी तपासलेली नसेल आणि कुठेतरी मद्यपानाची नोंद असेल, तर बोर्ड त्या दिशेने जाऊ शकतं. दुसरी कारणं तपासून वगळल्याचा कागद आधीच तयार ठेवा. रोजच्या व्यवहारातली एखादी खूणही तज्ज्ञाच्या कागदावर येऊ द्या: चालताना पायातून चप्पल निसटते आणि मागे वळून पाहेपर्यंत कळत नाही. 'पाय सुन्न होतो' या तक्रारीपेक्षा ही खूण तपासणाऱ्याला जास्त सांगते.

तपासा: तपासणी, एनसीव्ही-ईएमजी आणि एमआरआय, तिघांत एकच नस आणि एकच बाजू येते का? येत नसेल तर त्याचं वैद्यकीय कारण लिहून घेतलंय का?

५. सेवेशी संबंध कसा मांडायचा

इजा असेल तर सेवेशी संबंध मुख्यतः प्रशासकीय अधिकारी ठरवतात, इंजरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीवरून. बोर्डाचं काम तिथे टक्केवारीपुरतं. ड्युटीवरच्या अपघातात अल्नर नस तुटली असेल आणि इंजरी रिपोर्टच नसेल, तर भांडण डॉक्टरशी नाही. युनिटकडून किंवा रेकॉर्ड ऑफिसकडून तो कागद मिळवण्याचं आहे.

रोग असेल तर बोर्डाने संबंध नाकारताना दिलेलं कारण शब्दशः उतरवून घ्या. 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर' (शरीराच्या मूळ घडणीतला आजार), 'डीजनरेटिव्ह' (झिजेमुळे झालेला), 'पीस एरियात सुरुवात' असे दोन-तीन शब्दच अनेकदा सापडतात. त्याला उत्तर दोन पायऱ्यांत द्या.

पहिली पायरी नियमांची. १९८२ च्या नियमांत तरतूद आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर ज्या आजारामुळे सेवा संपली तो सेवेतच उद्भवला असं सहसा मानलं जाईल. भरतीच्या तपासणीत तो कळूच शकला नसता असं बोर्डाचं म्हणणं असेल, तर त्याने त्याची कारणं लिहायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग प्रकरणात याच तरतुदींवर निर्णय दिला. तो आजारही मेंदूशी संबंधित, म्हणजे झटक्यांचा होता, आणि बोर्डाने कारणच दिलेलं नव्हतं. २०१५ च्या राजबीर सिंग निकालातही हीच भूमिका घेतली गेली.

सावधान: २००८ किंवा २०२३ चे नियम लागू असतील तर नुसतं धरमवीर सिंगचं नाव टाकून भागत नाही. २००८ च्या नियमांत सेवा आणि आजार यांच्यातला कार्यकारण संबंध दाखवण्यावर भर आहे. त्यामुळे दुसरी पायरी लागतेच.

दुसरी पायरी कामाची. कोणती ड्युटी, किती महिने, शरीरावर नेमका कसला ताण. चकतीसाठी वजन उचलणं, तोफखान्यातलं दारूगोळा वाहणं, खडबडीत रस्त्यांवर अवजड गाडी चालवणं. थंडीच्या इजेसाठी उंची, चौकी आणि त्या काळातली फ्रॉस्टबाइटची (हिमदंशाची) किंवा चिलब्लेनची (थंडीने आलेल्या सुजेची) नोंद. मधुमेही न्यूरोपथीत मूळ आजारावर लढा. मधुमेहच सेवेशी संबंधित ठरला नाही तर न्यूरोपथी एकटी तरत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत फील्ड, अतिउंच भाग, बंडखोरीविरोधी मोहीम किंवा दीर्घ समुद्रसेवेत सुरू झालेल्या टाइप-२ मधुमेहाला सेवेमुळे वाढल्याची मान्यता आहे. इथेही सुरुवातीच्या तारखेचं ठिकाण, म्हणजे तुमचा कालपट, कामाला येतो.

'सेवेमुळे झाला' हे जमत नसेल तर 'सेवेमुळे वाढला' हे पर्यायी म्हणून मांडा. बरेच जण पहिल्यावरच अडून बसतात. पेन्शनच्या हक्कासाठी दोन्ही चालतात. शिवाय वाढल्याचं सिद्ध करणं सोपं असतं: २०१४ च्या बोर्डात ताकद ४/५, २०१८ च्या बोर्डात ३/५, आणि मधल्या काळात फील्ड पोस्टिंग. यापलीकडे फार लिहावं लागत नाही.

ऑपरेशनला नकार दिल्याची नोंद असेल तर त्याचं कारण द्या. फॉर्ममध्ये हा प्रश्न स्वतंत्र विचारलेला असतो. चकतीच्या ऑपरेशनने बरं होण्याची खात्री नव्हती, सर्जनने औषधोपचाराचा पर्याय दिला होता, असं त्या वेळच्या कागदात असेल तर ते पान जोडा.

६. टक्केवारी आणि पैसे

टक्केवारी वेदनेवर ठरत नाही. त्याच वयाच्या आणि लिंगाच्या निरोगी माणसाच्या तुलनेत किती क्षमता गेली, असा फॉर्ममधला प्रश्न आहे. म्हणून पुरावाही 'काय करता येत नाही' याचा द्या, चौथ्या टप्प्यातल्या मापांसह.

दोन-तीन आजार असतील तर टक्केवारी सरळ बेरजेने काढत नाहीत, एकत्रित मूल्यांकन होतं. पण चकतीसाठी टक्केवारी दिली आणि तिच्यामुळे पडलेलं लटकं पाऊल मोजलंच नाही, असं घडलं असेल तर तो खरा मुद्दा आहे. अपिलात तो वेगळ्या परिच्छेदात मांडा.

फरक किती पडतो पाहा. २००६ नंतरच्या हिशेबात १००% विकलांगतेसाठी डिसॅबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ३०%. पगार ४०,००० धरला तर १०० टक्क्यांना १२,००० आणि २० टक्क्यांना २,४०० रुपये. ब्रॉडबँडिंग लागू असेल तर ५० च्या खालची टक्केवारी ५० धरतात, ५० ते ७५ ची ७५, आणि ७६ च्या पुढची १००. म्हणजे २० टक्क्यांवर २,४०० ऐवजी ६,००० रुपये. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हे मिळतं, हा राम अवतार प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १० डिसेंबर २०१४ चा. २०२३ चे नियम लागू असणाऱ्यांनी मात्र हे गणित स्वतःला परस्पर लावू नये.

१९ आणि २० मधली ही एक पायरी एवढी मोठी असल्यामुळेच '१५ ते १९%' वाल्यांनी मापं पक्की करून अपील मेडिकल बोर्ड, म्हणजे अपिलात पुन्हा तपासणी करणारं बोर्ड, मागावं. आजारामुळे मुदतीआधीच बाहेर काढलं असेल तर वाट वेगळी: २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालानुसार बाहेर काढण्याइतकी विकलांगता २० च्या वरची मानली जाते.

सावधान: दिव्यांगत्वाचं नागरी प्रमाणपत्र ४०% चं असेल तरी ते बोर्डाच्या टक्केवारीची जागा घेत नाही. मोजण्याचे निकष वेगळे आहेत. पूरक म्हणून जोडा, मुख्य आधार म्हणून नको.

७. पहिलं अपील लिहा

अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपिलाच्या समितीकडे जातं. लांबी दोन ते तीन पानं, बाकी जोडपत्रं. क्रम असा: सेवेचा तपशील चार ओळींत, आव्हान दिलेल्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, बोर्डाचं मत शब्दशः, त्यावरचे आक्षेप क्रमांकाने, मागणी, जोडपत्रांची यादी. प्रत्येक आक्षेपाला कागदाचा आधार हवा. नमुना म्हणून एक आक्षेप:

'३. बोर्डाने आजार पीस स्टेशनमध्ये सुरू झाल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात कंबर व डाव्या पायाची पहिली तक्रार फेब्रुवारी २०१३ मध्ये फील्ड भागात सेवेत असताना नोंदली गेली (जोडपत्र ४). जानेवारी २०१४ ही केवळ एमआरआयची तारीख आहे (जोडपत्र ५). बोर्डाने जोडपत्र ४ ची दखल घेतलेली नाही व संबंध नाकारण्याचे वैद्यकीय कारण दिलेले नाही.'

यात कुणावर आगपाखड नाही, देशसेवेची वर्णनं नाहीत. मागणीही अशीच नेमकी लिहा: आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला असे मानावे, टक्केवारी अमुक धरावी, गरज वाटल्यास न्यूरॉलॉजिस्टसह अपील मेडिकल बोर्ड नेमावं, थकबाकी द्यावी. मुदत उलटली असेल तर उशिराचं कारण वेगळ्या परिच्छेदात द्या, पुराव्यासह. रजिस्टर्ड किंवा स्पीड पोस्टने पाठवा. पावती आणि पोच फाइलमध्ये लावा. मसुद्यासाठी आणि पुढच्या पत्रव्यवहारासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.

८. अपील मेडिकल बोर्डाचा दिवस

बोलावणं आलं तर मूळ एमआरआय फिल्म, सगळे अहवाल, चालू औषधांची यादी आणि कालपटाची प्रत घेऊन जा. ब्रेस, काठी किंवा पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट रोज वापरत असाल तर घालूनच जा. वापरत नसाल तर त्या दिवसासाठी नवा आणू नका. न झिजलेला पट्टा लपत नाही.

ताकद तपासताना मुद्दाम सोडून देऊ नका. खऱ्या अशक्तपणात स्नायू सलग हळूहळू हरतो. मुद्दाम सोडलेला झटक्याझटक्याने सुटतो, आणि ते तपासणाऱ्याच्या बोटांना लगेच कळतं. उलट चूकही तितकीच होते. 'कसं काय चाललंय?' असं विचारल्यावर फौजी सवयीने 'एकदम ठीक, सर' असं उत्तर जातं. ते कागदावर 'तक्रार नाही' म्हणून उतरतं. वाईट दिवशी काय होतं ते सांगा: किती पायऱ्या चढता येतात, शर्टाची बटणं लागतात का, रात्री मुंग्यांनी किती वेळा जाग येते.

थांबा: बोर्ड निवृत्तीच्या वेळची स्थिती पाहत असेल तर आजचे अहवाल पुरेसे नाहीत, त्या काळातले कागद पुढे ठेवा. निवृत्तीनंतर आजार बळावला असेल तर ती मागणी वेगळी, पुनर्मूल्यांकनाची. दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळलं की दोन्ही बुडतात.

९. दुसरं अपील आणि ट्रिब्युनल

पहिलं अपील फेटाळलं तर सहा महिन्यांत दुसरं अपील, पेन्शनविषयक दुसऱ्या अपील समितीकडे. जुन्याच मजकुराची झेरॉक्स पाठवू नका. पहिल्या समितीने दिलेल्या कारणावर उत्तर द्या.

त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलांच्या प्रकरणांसाठीचं न्यायाधिकरण. महाराष्ट्रातल्यांसाठी मुंबई खंडपीठ. २००७ च्या कायद्याप्रमाणे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. अपिलावर सहा महिने काहीच आदेश आला नाही तर ती वाट संपली असं धरून पुढच्या सहा महिन्यांत अर्ज करता येतो. उशीर माफ करण्याचा अधिकार ट्रिब्युनलला आहे. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून जुनी प्रकरणंही ऐकली जातात, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. सहा वर्षं उशीर केला तर तीन वर्षांचे पैसे गेले, असा हिशेब धरा.

स्वतः बाजू मांडता येते, पण नसेच्या प्रकरणात वकील घेतलेला बरा. वकिलाला पहिल्या भेटीत कालपट, एएफएमएसएफ-१६ आणि तिन्ही थरांचे अहवाल द्या. अर्जात ब्रॉडबँडिंग आणि थकबाकी स्पष्ट मागितली आहे का ते सही करण्याआधी वाचा.

१०. मंजुरी आल्यावर

'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर सुधारित पीपीओ उघडून चार गोष्टी पाहा: मान्य टक्केवारी, ब्रॉडबँडिंगनंतरची टक्केवारी, लागू तारीख, आणि डिसॅबिलिटी एलिमेंटवर महागाई रिलीफ मिळतो का. २०% मंजूर होऊन ५०% ची नोंद राहून गेली असेल तर आदेशाची प्रत जोडून 'स्पर्श'वर तक्रार नोंदवा आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्र द्या. मूल्यांकन आजीवन नसून ठरावीक वर्षांचं असेल तर संपण्याची तारीख आत्ताच लिहून ठेवा. पुढच्या बोर्डासाठी पोटरीचा घेर आणि एमआरसी श्रेणी वर्षातून एकदा त्याच पद्धतीने, त्याच बाजूने मोजून नोंदवून घ्या.